समोरच्या दारातल्या चपला आणि एक शिफारसपत्र

आमच्या सोसायटीच्या फाटकाशेजारी सिमेंटचे दोन बाक आहेत. सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात त्यांवर बसून पाच-सहा निवृत्त गृहस्थ जगाचा कारभार पाहतात. मीही त्यांतलाच एक आहे. फरक इतकाच, की बोलण्यापूर्वी मी माहिती घेतो. माझ्या नातीला मिळालेल्या शिष्यवृत्तीची हकिगत या बाकांवर गेले वर्षभर सांगितली जात आहे, आणि सांगणाऱ्यांत मी नसतो. तिथे रूढ झालेली हकिगत अशी: आजोबांनी हट्टाने मुलीचा अर्ज अडवून धरला, समोरच्या बाईंनी ऐन वेळी मध्ये पडून तो सोडवला, बाईंची वरपर्यंत ओळख होती, आणि त्या ओळखीवरच शिष्यवृत्ती मिळाली. या चार विधानांपैकी तीन खोटी आहेत. खरे कोणते, तेही मी सांगणार आहे. माझ्या विरुद्ध जाणारी गोष्ट गाळून टाकायची सवय मला नाही.

‘समोरच्या बाई’ म्हणजे आमच्याच मजल्यावर समोरच्या घरात राहणाऱ्या, महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई. त्यांची सारी नोकरी येरवड्यात झाली. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्या आईच्या कडेवर होत्या, असे त्या सांगतात. निवृत्तीनंतरही दर रविवारी सकाळी त्या येरवड्याला जातात आणि तिथल्या विहाराच्या वरच्या खोलीत मुलांची अभ्यासिका चालवतात. आवाज खणखणीत, बोलणे मोजके, आणि समोरच्याचे चुकले तर ते त्याला कळेल अशा बेताने गप्प राहण्याची कला अवगत. आमच्या इमारतीत त्यांना मान आहे. तो किती असावा याबद्दल माझी काही मते आहेत.

माझ्याविषयी सांगायचे तर मी सरकारी सेवेत होतो. अखेरची बारा वर्षे वसतिगृहांचे प्रवेश पाहणारी शाखा माझ्याकडे होती. त्याच्या कितीतरी आधी, शाळेत असताना, मी चौथीच्या स्कॉलरशिपला बसलो आणि ती मिळवली, सातवीच्या बसलो आणि तीही मिळवली, आणि पुढे बोर्डात आलो. बोर्डात येणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. गुणवत्ता यादी आता लागत नाही. तेव्हा लागायची, वर्तमानपत्रात नावे छापून यायची, आणि त्या यादीत माझे नाव अठरावे होते. ते कात्रण अजून माझ्या टेबलावर, काचेखाली आहे.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी जेवताना नातीने सांगितले, की दक्षिणेकडच्या एका विद्यापीठात तिला गणिताची पदवी घ्यायची आहे आणि तिथे जाणाऱ्या मुलांसाठी एका खासगी न्यासाची शिष्यवृत्ती आहे. शुल्क, राहणे, जेवण, सगळे त्यात येते. ती मिळाली तरच तिकडे जाता येईल, नाहीतर पुण्यातच राहायचे, हे माझ्या मुलाने तिला आधीच स्पष्ट केले होते. म्हणजे मुलीचे सगळे त्या एका अर्जावर अवलंबून होते, हे त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

“गरिबांसाठी असणार ती,” मुलगा म्हणाला. “आपल्याला कुठली देतायत?”

“गुणवत्तेवर आहे बाबा. उत्पन्नाची अटच नाहीये.”

“मग पंच्याण्णवच्या वरच्यांना,” सून म्हणाली. “तुला दहावीला एक्क्याण्णव.”

“पंच्याऐंशीच्या पुढे कोणीही अर्ज करू शकतं, आई. मी वाचलंय.”

“लिहितात तसं. घेतात का?”

मी एवढा वेळ ऐकत होतो. या दोघांनी नियम वाचलेले नाहीत, हे उघड होते. मी मुद्द्याचे विचारले, “कधी बसायचंय?”

“बसायचं नाहीये आजोबा. अर्ज करायचाय.”

हे मला पटले नाही. स्कॉलरशिपला बसायचे असते. आमच्या पिढीत कोणीही ‘स्कॉलरशिपला अर्ज केला’ असे म्हणत नसे, ‘बसला’ म्हणत. पेपर असतो, वेळ असतो, पर्यवेक्षक असतो, आणि बाहेर आई वडी घेऊन उभी असते. नुसता अर्ज करून मिळते ते अनुदान. तेव्हा न्यासाने परीक्षेचा उल्लेख केला नसला, तरी कुठल्या तरी टप्प्यावर परीक्षा असणारच, असा निष्कर्ष मी काढला आणि दुसऱ्याच दिवशी बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानांकडे गेलो.

“कुठली परीक्षा, काका?” दुकानदाराने विचारले.

“शिष्यवृत्ती.”

“पाचवीची का आठवीची?”

“बारावीची.”

“बारावीची नसते, काका.”

“तुमच्याकडे नसेल,” मी म्हणालो, आणि बुद्धिमत्ता चाचणीचे एक व सामान्यज्ञानाचे एक अशी दोन जाड पुस्तके घेतली. त्यांतली प्रश्नपत्रिका नातीने रोज एक याप्रमाणे आठ दिवस सोडवली. तक्रार केली नाही. सहावीपर्यंत ती माझ्याच टेबलाशी बसून गणित शिकली होती. पुढे अभ्यास वाढला, क्लास लागला आणि ते थांबले. त्या आठ संध्याकाळी ती पुन्हा काचेखालच्या कात्रणावर वही ठेवून बसली. मी लाल पेन काढले. मला बरे वाटत होते, हे कबूल करायला हरकत नाही.

नवव्या दिवशी तिने लॅपटॉप आणून मला अर्ज दाखवला. परीक्षा कुठेच नव्हती. दोन निबंध होते, आणि त्याखाली लिहिले होते: शिफारसपत्रे दोन. एक शिक्षकाचे, दुसरे, अर्जदाराचे काम जवळून पाहिलेल्या आणि अर्जदाराच्या नात्यात नसलेल्या व्यक्तीचे.

तो शब्द वाचून माझे काय झाले, हे समजण्यासाठी माझे कचेरीतले टेबल डोळ्यांसमोर आणावे लागेल. त्या बारा वर्षांत जून महिना आला की माझ्याकडे चिठ्ठ्या येत. कोणाच्या, ते सांगत नाही, सर्वांच्या येत. चौपदरी घडी, आत दोन ओळी: ‘पत्रवाहक माझ्या माहितीतले आहेत. यांचे काम व्हावे.’ मी ती घडी होती तशी घालून परत करीत असे आणि म्हणत असे, “यादी सोमवारी लागेल.” त्यापायी माझी दोनदा बदली होता होता राहिली. एका साहेबांनी तर मला ‘दगड’ म्हटले, आणि मी ते प्रशस्तिपत्र समजून घरी सांगितले. त्या चिठ्ठीलाच सभ्य भाषेत शिफारस म्हणत.

“आपल्या घरात शिफारस चालत नाही,” मी नातीला म्हणालो.

“आजोबा, ही तसली शिफारस नाहीये.”

“शिफारस ती शिफारस. तसली आणि असली नसते.”

“सगळ्याच मुलांना लागते ही. त्याशिवाय अर्ज पुढेच जात नाही.”

“सगळेच आणतात, हेच मला बारा वर्षं सांगत होते. तुझ्या गुणांवर मिळाली तर घ्यायची. कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही. शब्द दे.”

तिने पडद्यावरचा अर्ज एकदा शेवटपर्यंत सरकवला. मग म्हणाली, “दिला,” आणि लॅपटॉप मिटला. मला वाटले, मुलगी माझ्या वळणावर गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली नाही. पावणेसहाला मी दार उघडले तर समोरच्या दारात तिच्या चपला होत्या. निळ्या पट्ट्याच्या, उजवीचा अंगठा झिजलेला. तिसऱ्या दिवशीही होत्या. चौथ्या दिवशी मी दार न उघडता दाराच्या भिंगातून पाहिले. भिंग त्यासाठीच बसवलेले असते. पावणेसहा ते साडेसात. कधी आतून हसण्याचा आवाज येई. माझ्याकडच्या आठ संध्याकाळींत ती एकदाही हसली नव्हती, हे मला त्या भिंगाशी उभे असताना आठवले आणि ते मला मुळीच आवडले नाही. चपला सरळ, शेजारी-शेजारी काढलेल्या असत. आमच्या दारात ती त्या वाटेल तशा भिरकावते आणि सून तिला रोज बोलते.

पाचव्या दिवशी चपला दिसल्या नाहीत. मी समोरची घंटा वाजवली.

“या साहेब,” बाई म्हणाल्या. मी सेवेत असताना मला साहेब म्हणत. त्या अजून म्हणतात, आणि त्यात आदर किती आणि चिमटा किती, याचा मी अद्याप छडा लावू शकलेलो नाही. “तिला शोधताय? आज क्लास आहे तिचा.”

“मी तुमच्याशी बोलायला आलोय. आमच्या घरात शिफारस चालत नाही, बाई.”

“माहितीये. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून तर मी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही.”

मी चपला काढून आत गेलो.

“मी तिला म्हटलं,” बाई पुढे म्हणाल्या, “आजोबांना दिलेला शब्द आधी त्यांच्याकडून सोडवून आण. तर म्हणते, दिलेला शब्द परत मागायचा कसा? कॉलेजातल्या सरांकडेही गेलेली नाही ती, त्याच शब्दापायी. सात दिवस उरलेत.”

“मग इथे रोज काय करते?”

“निबंध लिहिते. आणि खोडते. लिहिते कमी, खोडते जास्त. ही सवय कुठून लागली कोण जाणे.”

मी त्यांना चिठ्ठ्यांची हकिगत सांगितली. पूर्ण सांगितली, दगडाचीही सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी म्हणाल्या, “आमच्या शाळेतून दहावी झालेली पोरं तुमच्याकडे अर्ज करायची, साहेब. वसतिगृहासाठी. त्यांतल्या कोणाची चिठ्ठी आली कधी?”

मी आठवून पाहिले. “नाही.”

“कशी येणार? द्यायला कोणीतरी हवं ना.” मग त्यांनी चष्मा पुसला. “तुमच्या चिठ्ठीत पोरगं कोणाचं, ते लिहिलेलं असायचं. या अर्जात विचारलंय, पोरीनं केलं काय. ती रविवारी माझ्याकडे येते, तीन वर्षं झाली. काय करते, माहितीये?”

“गणित शिकवते.”

“कसं शिकवते?”

मला माहीत नव्हते. बारावीच्या वर्षात रविवारच्या सकाळी वाया घालवते, एवढेच माझे त्याविषयीचे मत होते, आणि ते मी वेळोवेळी व्यक्त केले होते.

“या परवा,” बाई म्हणाल्या. “चहा मिळेल. चिठ्ठी लागत नाही.”

बाकांवर सांगतात, की बाईंनी मला हाताला धरून येरवड्याला नेले. साफ खोटे. मी स्वारगेटवरून बस धरून एकटा गेलो, आणि मुद्दाम अर्धा तास उशिरा गेलो, म्हणजे माझ्यासाठी काही मांडून ठेवले असेल तर ते मोडलेले असावे.

वरच्या खोलीच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत वीस-बावीस मुले सतरंजीवर, आणि त्यांच्यात माझी नात मांडी घालून बसलेली, पाठ माझ्याकडे. तिच्यासमोर दहा-एक वर्षांची, दोन वेण्यांची मुलगी होती.

“एक तृतीयांश मोठं का एक चतुर्थांश?” नातीने विचारले.

“चतुर्थांश.”

“का गं?”

“चार मोठे हायेत ना तीनपेक्षा.”

माझ्या टेबलाशी हे उत्तर आले असते तर ते खोडून, खाली बरोबर उत्तर दहा वेळा लिहायला लावले असते. नातीने ते खोडले नाही. ‘चूक’ असेही म्हणाली नाही. शेजारच्या वहीत काहीतरी टिपून घेतले आणि म्हणाली, “बरं. एक मोठी चिक्की आहे. एकीकडे तिघी जणी वाटून घेणारेत, एकीकडे चौघी. तू कुठं बसशील?”

मुलगी एका क्षणात म्हणाली, “तिघींत!”

“का बरं?”

“चौघींत बारका तुकडा येनार ना, ताई.” आणि मग तिचा हातच थांबला. “अय्या. मंग चतुर्थांश बारका हाय?”

“मला काय विचारतेस? चिक्की तुझी आहे.”

सगळी सतरंजी हसली, ती मुलगी सर्वांत जोरात. माझी नातही हसली. तेच हसणे, जे मी दोन दारांतून ऐकले होते. मी दारात उभा होतो आणि माझ्या मनात जे आले ते कौतुक नव्हते. मला त्या मुलीचा हेवा वाटला. दहा वर्षांच्या, दोन वेण्यांच्या मुलीचा. आणि बाईंचा तर इतका, की त्यांनी पुढे केलेला चहा मी निवेपर्यंत हातात धरून ठेवला. तीन वर्षे, दर रविवारी, हे त्यांनी पाहिले होते. माझ्या घरातले माणूस माझ्या घरापासून दहा किलोमीटरवर काय होते, हे मला शेजाऱ्यांकडून कळत होते.

“ही तिची वही,” बाई म्हणाल्या. “मुलं चुकांची वही म्हणतात.”

प्रत्येक मुलाला दोन-दोन पाने होती. उत्तर काय दिले, तसे का वाटले, पुढच्या वेळी काय विचारायचे. अक्षर गिचमिड, तेवढे माझ्याकडून गेलेले नाही. मी पाने उलटत शेवटाला आलो. शेवटच्या पानावर मथळा होता, ‘मी स्वतः’. त्याखाली तारखेवार चार-पाच नोंदी. एक अशी: ‘आज घाईत एकाचे उत्तर लाल पेनाने खोडले. तो नंतर बोललाच नाही. मला आठवले, मीही बोलत नसे. लाल पेन आणायचे नाही.’

बाईंनी ते पान मी वाचत असताना दुसरीकडे पाहिले. ते पान त्यांनी कधीच वाचलेले होते, याचा मला राग आला. पान मी मिटले. चुकीचे उत्तर चुकीचेच असते, हे माझे मत आजही कायम आहे. परंतु त्या खोलीत ते बोलून दाखवावेसे वाटले नाही.

परतताना नात माझ्याबरोबर बसमध्ये होती. पूल ओलांडल्यावर तिने विचारले,

“तुम्ही का आला होतात, आजोबा?”

“चहाला.”

“प्यायला नाहीत तुम्ही तो.”

“गार होता.” पुढे एक थांबा गेला. मग मी म्हणालो, “तुझा शब्द परत घे.”

“काय?”

“तू मला दिला होतास तो. परत घे. मागावा लागू नये म्हणून मीच देतोय.”

“नक्की, आजोबा?”

“दोनदा विचारू नकोस. बदलेन.”

तिने तिथल्या तिथे, गर्दीत, फोन काढून कॉलेजच्या सरांना विचारले, “सर, उद्या भेटू शकते का?” तिचा आवाज कापत होता. ही मुलगी घाबरलेली होती, एवढे दिवस, आणि ती भीती मी घातलेली होती, हे मला तेव्हा कळले. म्हणून बाकांवरचे पहिले विधान खरे आहे, असे मी इथे लिहून देतो: अर्ज मी अडवला होता. दुसरे मात्र खोटे. तो सोडवला मी. बाईंनी फक्त वाट पाहिली. वाट पाहणे मला जमत नाही, हे अलाहिदा.

त्याच संध्याकाळी मी समोर गेलो.

“लिहा,” मी म्हणालो. “पण खरं लिहा.”

“दुसरं काय लिहिणार?”

“आणि पाठवण्याआधी मला दाखवा.”

“ते गोपनीय असतं, साहेब. इथून थेट जातं. तिलाही दिसणार नाही.”

“मी तिचा आजोबा आहे.”

“म्हणूनच तुम्हाला लिहिता येत नाही,” बाई म्हणाल्या.

त्यांनी फोनवर तो कोरा नमुना मात्र मला दाखवला. पहिलाच प्रश्न होता: अर्जदाराला आपण किती काळ ओळखता? बाईंनी एका बोटाने अक्षर-अक्षर शोधत तिथे भरले, तीन वर्षे. मी ओळखत होतो तिला ती जन्मल्यापासून, आणि माझ्या त्या सगळ्या वर्षांना त्या रकान्यात जागा नव्हती. दुसरा प्रश्न होता: अर्जदाराचे असे एक वैशिष्ट्य लिहा, जे तिच्या गुणपत्रिकेवरून कळणार नाही. तिथे बाईंनी फोन माझ्याकडे पाठमोरा केला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पत्रे गेली, निबंध गेले, पडद्यावरून मुलाखत झाली, आणि शिष्यवृत्ती मिळाली. मुलाखतीत तिला चुकांच्या वहीविषयीच बहुतेक विचारले, असे ती म्हणाली. टक्के कोणी विचारले नाहीत, वडिलांचे उत्पन्नही नाही, आणि माझ्या दोन जाड पुस्तकांतला तर एकही प्रश्न आला नाही. पेढे घेऊन ती आधी देवापुढे गेली, मग माझ्याकडे आली, वाकली, आणि लगेच दार उघडून समोर गेली. तिथे जास्त वेळ होती. मी घड्याळ पाहिले नव्हते, तरी मला माहीत आहे.

सोसायटीच्या मोबाइलवरच्या ग्रुपात संदेश आला: ‘बाईंच्या प्रयत्नांना यश! अभिनंदन बाई!!’ त्याखाली फुले, टाळ्या, हात जोडलेले. मी रीतसर खुलासा लिहिला; अर्ज नातीने केला, निबंध नातीने लिहिले, शिफारसपत्रे दोन होती आणि त्यांतले एक तिच्या सरांचे होते, आणि आवश्यक ती संमती घरातून देण्यात आली होती. त्यावर एका गृहस्थांनी अंगठा पाठवला. बाईंना चौतीस अंगठे आले होते. मोजले, कारण समोर होते.

मात्र तिसऱ्या आणि चौथ्या, म्हणजे बाईंच्या ओळखीच्या विधानांवर मी बाकावर भांडलो, आणि पुन्हा भांडेन. एक दिवस तिथले निवृत्त बँक अधिकारी, ज्यांचा नातू यंदा बारावीला आहे, माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, “तुमचं बाईंशी बरं आहे ना? सांगा ना जरा. आमच्या बाळासाठी एक पत्र. त्यांची वर चालते म्हणतात.”

“बाईंनी तुमच्या बाळाला पाहिलंय?”

“पाहिलंय की, लिफ्टमध्ये.”

“मग काय लिहायचं त्यांनी? सहावा मजला नीट दाबतो?”

“तुम्ही भलतंच चिडता बुवा. शेवटी आतून ठरलेलंच असतं हो हे सगळं. ज्याची ओळख, त्याची शिष्यवृत्ती.”

मी उठून उभा राहिलो. बाईंची वर कोणाशी ओळख नाही. वर कोण आहे, हे त्यांना ठाऊकही नाही. त्यांनी एका बोटाने, दोन संध्याकाळी खर्चून, जे पाहिले ते लिहिले, हे मी अख्ख्या फाटकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. पहारेकरी बाहेर आला. बाईंचे कौतुक मला सोसत नाही, हे खरे आहे. पण त्यांच्यावर चिठ्ठीचा आळ आलेला तर त्याहून सोसत नाही. लोकांना यातले एकच एका वेळी कळते, आणि म्हणून त्यांच्या हकिगती चुकतात.

नात गेली. आता दोन्ही दारांत तिच्या चपला नसतात. ती रविवारी फोन करते. आधी कोणाला करते, हे मी विचारलेले नाही.

गेल्या महिन्यात आमची घंटा वाजली. दारात बाई होत्या आणि त्यांच्या मागे एक सडपातळ मुलगी.

“ही माझी भाची. धाकट्या बहिणीची. यंदा तोच अर्ज करायचाय तिला,” बाई म्हणाल्या. “मी मावशी. मला लिहिता येत नाही.”

हे वाक्य बोलताना त्यांना काय वाटत होते, ते मला इतके नेमके ठाऊक होते, की मी उत्तर द्यायला मुद्दाम थोडा वेळ घेतला.

“मी तिला ओळखत नाही.”

“मग ओळखा. अर्जाला अजून अडीच महिने आहेत.”

“मी जे पाहीन तेच लिहीन, बाई. चांगलं दिसलं नाही तर तसंही लिहीन.”

“म्हणून तर तुमच्याकडे आणलीय. तुम्ही दगड आहात, असं तुम्हीच सांगितलं होतंत.”

तेव्हापासून ती मुलगी आठवड्यातून चार संध्याकाळी माझ्याकडे येते. आकडेवारीचा एक प्रकल्प करते आहे. तिच्या वस्तीतल्या नळांना पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते, याच्या नोंदी तिने आठ महिने ठेवल्या आहेत. मला पहिल्या दिवशी त्यांत तीन चुका दिसल्या. मी पेन उचलले, ते लाल होते, ते खाली ठेवले आणि विचारले, “असं का वाटलं तुला?” तिने सांगितले. त्यांतली एक चूक माझी निघाली. ती हसली. मीही हसलो असेन. खात्री देत नाही.

तिच्या चपला आमच्या दारात असतात. पावणेसहा ते साडेसात या वेळात समोरचे दार हल्ली दोनदा उघडते आणि बाहेर काहीही काम न होता मिटते. मी ते ऐकतो आणि भाचीला पुढचा तक्ता उलटायला सांगतो.

परवा ती गेल्यावर बाई दारातच भेटल्या.

“कसं चाललंय?”

“चाललंय.”

“काय लिहिणार आहात तिच्याबद्दल?”

“ते गोपनीय असतं, बाई.”

त्या हसल्या नाहीत. जिन्यात कोणी नाही हे पाहून, मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता अशा खालच्या आवाजात म्हणाल्या, “माझ्या फोनमध्ये तुमच्या नातीचं पत्र आहे अजून. तुम्ही तुमचं दाखवा, मी माझं दाखवते.”

वर्षभर मला दुसरे काही नको होते. गुणपत्रिकेवरून कळणार नाही असे माझ्या नातीत काय आहे, ते दोन हातांच्या अंतरावर, त्यांच्या मुठीत होते. माझ्या तोंडून नेहमीचे वाक्य निघून गेले, बारा वर्षांच्या सवयीने: “यादी सोमवारी लागेल.” बाईंनी मान हलवली, “बरोबर आहे, साहेब,” म्हणाल्या आणि दार लावून घेतले.

बरोबर होतेच. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मात्र बाकावर कोणी सांगू नये.